सीवर्डचा थांबलेला कोळसा धक्का आणि त्याची हिवाळी तपासणी

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावरचे सीवर्ड हे हिवाळ्यातही न गोठणारे बंदर. अलास्का रेल्वेचे मैल इथूनच मोजले जातात. ३५८व्या मैलापाशी हीली येते. तिथल्या युसिबेली खाणीचा कमी गंधकाचा कोळसा जहाजांत भरण्यासाठी १९८४च्या सुमारास सीवर्डला धक्का उभा राहिला. मुख्य गिऱ्हाईक होते दक्षिण कोरिया. जागतिक बाजारात कोळशाचे भाव कोसळले आणि २०१६ मध्ये भरणी थांबली.

चालू असताना इथले काम सरळ होते. वाघिणी रिकाम्या करायच्या, कोळशाचा ढीग लावायचा आणि पाण्यावर बांधलेल्या कन्व्हेअर पट्ट्याने तो जहाजापर्यंत न्यायचा. खोड होती ती परतणाऱ्या पट्ट्यात. त्याला चिकटलेली ओली भुकटी वाटेत गळायची आणि थेट उपसागरात पडायची. पर्यावरणवादी संघटनांनी स्वच्छ जल कायद्याखाली दावा लावला. खालच्या न्यायालयात त्या हरल्या, पण २०१४ मध्ये नवव्या मंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल फिरवला. धक्क्याला परवाना होता पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या प्रदूषणाचा. पट्ट्यावरून समुद्रात पडणारा कोळसा त्यात बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

भरणी थांबली की सांडणे थांबते, परवान्याची जबाबदारी मात्र आपोआप संपत नाही. पावसाच्या पाण्यासाठीच्या अमेरिकी सर्वसाधारण परवान्यात ओस पडलेल्या जागेला नेहमीच्या तपासण्यांतून सूट मिळू शकते. अट अशी की तिथे कामगार नसावेत आणि पावसा-बर्फाला उघडा पडेल असा कुठलाही औद्योगिक माल नसावा. तसे लेखी प्रमाणपत्र सही करून द्यावे लागते. दुसरी अट कोळशाच्या धक्क्याला जड जाते. ढीग उचलला तरी तळाचा थर, रुळांमधली भुकटी, पट्ट्याच्या सांगाड्यात अडकलेली चिखलट पूड मागे राहते. म्हणून यंत्रे उभी आहेत एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. उघड्यावर काय उरले, हाच तपासणीचा खरा प्रश्न.

हिवाळ्यात हे पाहणे निरर्थक वाटेल: सगळे गोठलेले, दिवस जेमतेम सहा तासांचा. पण उन्हाळ्यात काळ्या जमिनीवर न दिसणारी भुकटी ताज्या बर्फावर लगेच उमटते. कोरडा, गार उत्तरवारा ती कुठून उचलतो आणि कुठे टाकतो, हे त्या डागांवरून कळते. धूळ दाबायचे पाण्याचे फवारेही गोठणबिंदूखाली चालत नाहीत, हे इथे विसरून चालत नाही. बर्फ लोटून कुठे रचला आहे, गटारांची तोंडे आणि गाळाची टाकी त्याखाली बुजली आहेत का, यंत्रांखाली तेलाचे डाग आहेत का, हे सगळे पाहिले जाते. भुकटी सापडली तर ती कोरडीच झाडून उचलायची. पाण्याने धुतली तर ती गटारातच जाईल.

जागेवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा नमुना मात्र बर्फ वितळेपर्यंत थांबतो. पावसाचा नमुना पाणी वाहू लागल्यापासून शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात घेतात. वितळपाण्याला ते बंधन नाही, प्रवाह पुरेसा असला म्हणजे झाले. स्वच्छ, पारदर्शक बाटलीत रंग, वास, गढूळपणा, तरंगते आणि तळाला बसणारे कण, फेस व तेलाचा तवंग तपासतात. दोष आढळला तर दुरुस्तीला मुदत असते आणि नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात. परवान्यातून बाहेर पडायचे तर समाप्तीची सूचना वेगळी दाखल करावी लागते.