सैन्य नसलेला देश आणि त्याची अरण्ये

राज्याच्या तिजोरीतील पैसा अमर्याद नसतो. तो तोफा व दारूगोळा यांवर खर्च झाला, म्हणजे शाळा, दवाखाने आणि अरण्ये यांच्या वाट्याला कमी येतो. गरीब राष्ट्रांना ही ओढाताण विशेष जाणवते. मग एखाद्या देशात सैन्यच नसेल, तर तेथील अरण्ये आपोआप राखली जातील काय? या प्रश्नाचे उत्तर कोस्टारिका या लहानशा देशाच्या इतिहासात सापडते.

हा देश मध्य अमेरिकेत, पॅसिफिक महासागर व कॅरिबियन समुद्र यांच्यामध्ये वसलेला आहे. १९४८ साली तेथे सुमारे सहा आठवडे यादवी युद्ध झाले. त्यानंतर १ डिसेंबर १९४८ रोजी हंगामी सरकारचे प्रमुख होसे फिगेरेस यांनी राजधानीतील लष्करी छावणीच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि सैन्य बरखास्त केल्याचे घोषित केले. १९४९ च्या राज्यघटनेने कायमचे सैन्य ठेवण्यास मनाई केली. त्या छावणीत आज राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. वाचलेला पैसा शिक्षण व आरोग्य यांकडे वळविण्यात आला.

अरण्यांचे दैव मात्र तेव्हा उघडले नाही. जो जंगल तोडून जमीन मोकळी करी, त्याला त्या काळी तिची मालकी मिळविणे सोपे जाई. गुरे पाळण्यासाठी बँका कर्ज देत आणि मांस परदेशी विकले जाई. त्यामुळे वृक्ष कोसळले व कुरणे पसरली. उघड्या डोंगरउतारांवरील माती पावसाबरोबर वाहून जाऊ लागली. एके काळी निम्म्याहून अधिक देश अरण्याने झाकलेला होता. १९८० नंतरच्या दशकात जेमतेम पाव हिस्सा उरला. ही हानी चुकीच्या धोरणाने घडविली होती.

पुढे मांसाचा व्यापार मंदावला आणि राज्यकर्त्यांची दृष्टीही बदलली. राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. १९९६ च्या वनकायद्याने अरण्य तोडून त्या जागेचा अन्य उपयोग करण्यास बंदी केली. आपल्या जमिनीवरील झाडे राखणाऱ्यास सरकार मोबदला देऊ लागले. कारण ती झाडे पाण्याचे झरे जिवंत ठेवतात व हवेतील कर्बवायू शोषून घेतात. यासाठी लागणारा पैसा इंधनावरील करातून काढण्यात आला. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा अरण्याने आच्छादलेला आहे.

सीमेवर धोका असलेल्या राष्ट्रास सैन्य मोडता येणार नाही. परंतु विचारपूर्वक कायदे करणे व ते पाळणे प्रत्येक राष्ट्रास शक्य आहे. तिजोरीत पैसा किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या कामी लावला जातो, याकडेही नागरिकांनी जागरूकपणे लक्ष दिले पाहिजे.