रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा

जव्हारच्या पाड्यांवर आवणी संपत आली की एक तक्रार हमखास कानावर येते : "रात्री पोटरीत गोळा येतो, झोपच मोडते." दिवसभर चिखलात वाकून भात लावायचा, वर पाण्याचे हंडे घेऊन चढण चढायची, मग रात्री पाय बोलणारच. मागच्या पावसाळ्यात एका भगिनीने यासाठी 'ताकदीची सुई' टोचून घेतली. दोन दिवसांची मजुरी गेली आणि तिसऱ्या रात्री गोळा पुन्हा हजर! आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही हा त्रास आहे, म्हणून सर्वांसाठीच लिहितो.

गोळा म्हणजे पोटरीचा स्नायू आपोआप आवळतो आणि लवकर सैल होत नाही. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, त्यामुळे तो आधीच आखडलेला असतो. त्याला ताणणे हाच उपाय.

हे मला एका आजीने शिकवले. पाड्यावर मुक्कामाला असताना मध्यरात्री माझ्याच पोटरीत गोळा आला. मी पाय चोळत विव्हळत होतो. आजी उठली, माझा गुडघा सरळ दाबून धरला आणि पायाची बोटे हळूहळू नडगीकडे ओढली. मिनिटभरात गोळा उतरला. जवळ कोणी नसेल तर टॉवेल किंवा लुगड्याचा पदर तळपायाला अडकवून आपणच ओढावे. नंतर गरम पाण्याचा शेक दिला की ठणका कमी होतो.

गोळा येऊच नये म्हणून झोपण्यापूर्वी भिंतीपासून दोन-तीन फुटांवर उभे राहावे, हात भिंतीला टेकावेत, टाचा जमिनीवर ठेवून पुढे झुकावे. दहापर्यंत आकडे मोजावेत, असे तीनदा. नेदरलँड्समध्ये 55 वर्षांपुढील लोकांनी पोटरी आणि मांडीची मागची बाजू अशी रोज ताणली, तेव्हा सहा आठवड्यांत त्यांचे गोळे कमी झाले. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा मात्र वयस्करांना फारसा उपयोग दिसलेला नाही. क्विनीन तर यासाठी मनाने मुळीच घेऊ नये. त्याने रक्तातील पेशी कमी होऊन जिवावर बेतू शकते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांमुळेही कधी गोळे येतात. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गोळे येणे नेहमीचेच आहे. पण एकच पाय सुजला, लाल किंवा गरम झाला, दुखणे थांबेना, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. बाळंतिणीच्या बाबतीत तर एक रात्रही थांबू नये. आशाताईंना सांगून लगेच दवाखाना गाठावा. चालताना पोटरी भरून येते आणि उभे राहिल्यावर थांबते, हे दुखणेही निराळे. त्यात रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते, विशेषतः विडी ओढणाऱ्यांची.

सुई घेतलेली ती भगिनी आता रोज पाय ताणते. तिच्या घराची कुडाची भिंत वाकते, म्हणून ती मधल्या खांबाला टेकते. गोळा अजून अधूनमधून येतो; नवऱ्याला उठवून बोटे ओढायला लावते, एवढेच.