रिक्वेस्टचा पत्ता आणि राउटरचं झाड

आज आपण एक साधा दिसणारा प्रश्न घेणार आहोत. वेब सर्व्हरकडे रिक्वेस्ट येते, तिच्यात एक पत्ता असतो. त्या पत्त्यासाठी आपल्या प्रोग्रॅममधलं कोणतं फंक्शन चालवायचं, हे कोण ठरवतं? राउटर. आणि ज्या फंक्शनकडे तो रिक्वेस्ट सोपवतो, त्याला हँडलर म्हणतात. राउटर हा निर्णय कसा घेतो, ते आता बघू.

समजा, आपण एका ग्रंथालयाची वेबसाइट बनवतोय. तिचे राउट सोयीसाठी मराठीत लिहू:

/पुस्तके
/पुस्तके/:क्रमांक
/पुस्तके/:क्रमांक/परीक्षणे
/पुस्तके/नवीन
/लेखक/:नाव

ज्या शब्दाआधी अपूर्णविराम आहे, त्या जागी कुठलाही मजकूर चालतो. त्याला आपण चल भाग म्हणू. बाकीचे स्थिर भाग.

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे यादी. वरून सुरुवात करायची, एकेक राउट जुळवून पाहायचा, जुळला की थांबायचं. नोडजेएसवरचं एक्सप्रेस हे फ्रेमवर्क राउट असेच नोंदवलेल्या क्रमाने तपासतं. राउट ५०० असतील आणि आपला शेवटचा असेल, तर आधीचे ४९९ तपासून मगच त्याच्यापर्यंत पोचायचं.

मग हॅश टेबल का नको? स्थिर पत्त्यांसाठी ते उत्तमच. पण ‘/पुस्तके/४२’ हा पत्ता टेबलात शोधला तर सापडणार नाही, कारण तिथे ‘४२’ कोणी लिहिलेलाच नाही. चल भाग आला की नुसतं हॅश टेबल पुरत नाही.

इथे ट्री, म्हणजे झाड, कामाला येतं. मुळापासून निघायचं. पहिला भाग ‘पुस्तके’, त्या फांदीवर जायचं. पुढचा भाग ‘४२’. या नावाची स्थिर फांदी नाही, पण चल फांदी आहे. मग ‘क्रमांक म्हणजे ४२’ अशी नोंद करून तिच्यावर जायचं. पुढे ‘परीक्षणे’. तीन पावलांत हँडलर हातात. ‘लेखक’ फांदीखाली आणखी हजार राउट जोडले, तरी आपली पावलं तीनच. शोधाचा खर्च राउटच्या संख्येवर नाही, तर पत्त्याच्या लांबीवर ठरतो.

ही कल्पना वेबच्या कितीतरी आधीची आहे. एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० साली अशा रचनेला ‘ट्राय’ हे नाव दिलं. ‘रिट्रीव्हल’ या शब्दाच्या मधल्या अक्षरांवरून. १९६८ मध्ये डोनाल्ड मॉरिसन यांनी ‘पॅट्रिशिया’ ही पद्धत मांडली. तिचं सार असं: ज्या नोडला एकच फांदी फुटते, तो वेगळा ठेवायचाच कशाला? असे नोड एकत्र जोडून टाकायचे. अशा आक्रसलेल्या झाडाला रेडिक्स ट्री म्हणतात. गो भाषेतला एचटीटीपीराउटर हेच झाड वापरतो.

एक गंमत पाहा. रेडिक्स ट्री बहुधा शब्दांवर नाही, बाइटांवर चालतं. यूटीएफ-८ मध्ये ‘प’ आणि ‘ल’ प्रत्येकी ३ बाइटांचे, आणि त्यांतले पहिले २ बाइट सारखेच. म्हणजे आपल्याला ‘पुस्तके’ आणि ‘लेखक’ यांत काहीच समान दिसत नाही, पण डीकोड केलेल्या पत्त्यावर चालणाऱ्या झाडात दोघांचा बुंधा एकच असतो!

आता एक प्रामाणिक प्रश्न विचारू. आपल्या साइटवर वीस-तीस राउट असतील, तर वेगाचा फरक जाणवेल का? बहुतेक नाही. डेटाबेसची एक क्वेरी त्याहून कितीतरी जास्त वेळ घेते. मग झाडाचा खरा फायदा कोणता? आपल्या मते, नियम स्पष्ट होतो हा.

वरच्या यादीकडे पुन्हा बघा. ‘/पुस्तके/नवीन’ हा राउट ‘/पुस्तके/:क्रमांक’च्या खाली आहे. यादीवाला राउटर ‘नवीन’ हाच क्रमांक समजेल आणि ‘असं पुस्तक नाही’ म्हणून मोकळा होईल. प्रोग्रॅम सुरू होताना काही तक्रार नाही. चूक वापरणाऱ्याला दिसते. झाडात स्थिर फांदीला आधी मान, असा नियम ठेवता येतो. मग कुठली ओळ वर लिहिली, याने काही बिघडत नाही.

दोन राउट एकाच पत्त्यावर हक्क सांगत असतील आणि कोणताच जास्त नेमका नसेल तर? उदाहरणार्थ, ‘/पुस्तके/:क्रमांक’ आणि ‘/:विभाग/नवीन’. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ चा राउटर अशी जोडी नोंदवतानाच प्रोग्रॅम थांबवतो. कडक वाटेल, पण रात्री ग्राहकाला चूक सापडण्यापेक्षा ती आपल्याला आधी सापडलेली बरी.

तरी दोन गोष्टी आपल्यालाच सांभाळायच्या आहेत. पहिली, मागे फिरणं. ‘/पुस्तके/नवीन/परीक्षणे’ हा पत्ता आला, तर राउटर ‘नवीन’ फांदीवर जातो आणि पुढे वाट संपते. काही राउटर परत येऊन चल फांदी तपासतात, काही सरळ ४०४ देतात. आपला राउटर काय करतो, त्याची एक टेस्ट लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट राखीव नावांची. साइटवर ‘/:सदस्य’ आणि ‘/मदत’ असे दोन्ही राउट असतील आणि कोणी ‘मदत’ नावाने खातं उघडलं, तर त्याचं पान कधीच उघडणार नाही. झाडाचा नियम बरोबरच आहे, पण सदस्याची अडचण राहतेच. म्हणून खातं उघडतानाच अशी नावं नाकारावी लागतात. सदस्य कोणती नावं घेतील, हे राउटरला ठाऊक नसतं. ती काळजी आपणच घ्यायची.