पंडिता रमाबाई यांची ख्रिस्तश्रद्धा

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि केडगाव येथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका होत्या. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या आयुष्यात दुष्काळ, जिवलगांचे मृत्यू आणि लोकापवाद यांची मालिकाच होती. या आपत्तींत त्यांची श्रद्धा टिकली, परंतु ती निमूट शरणागतीची नव्हती. प्रश्न विचारणे आणि दुसऱ्याच्या दुःखावर काम करणे ही तिची दोन प्रमुख लक्षणे होत.

पूर्वायुष्यातील आघात

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यामुळे झालेल्या विरोधाला न जुमानता ते सह्याद्रीतील गंगामूळ येथे रानात जाऊन राहिले. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला व त्यांना संस्कृतचे शिक्षण आईकडून मिळाले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात द्रव्य संपले. प्रथम वडील, पाठोपाठ आई व नंतर थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास अनेक वर्षे पायी हिंडत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८२ च्या आरंभी पटकीने पतीचेही निधन झाले. त्या वेळी कन्या मनोरमा वर्षाचीही नव्हती.

धर्मांतर

व्रते, उपवास व तीर्थे करूनही देव पावला नाही, हा अनुभव रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. शास्त्रे स्त्रियांकडे व शूद्रांकडे कोणत्या दृष्टीने पाहतात हा प्रश्न त्यांना कोलकात्यातील अध्ययनापासून छळत होता. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. पुण्यास आल्यावर १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला व पुढील वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचे काम त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना धर्माने जवळ करावे ही कल्पनाच त्यांना नवी होती. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेने त्यांना तिचा उलगडा झाला. पूर्वाश्रमीचे काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

चर्चशी मतभेद

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी धर्माधिकाऱ्यांच्या हाती दिली नाही. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार आणि मनोरमेचे धार्मिक शिक्षण यांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास भारतातील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तीही त्यांनी मान्य केली नाही. धर्म बदलल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या व त्यांनी आपली राहणी भारतीयच ठेवली. १८८३ मध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मात्र पुढे सुमारे आठ वर्षांनी भेटला, अशा आशयाचे निवेदन त्यांनी उत्तरायुष्यात केले. यावरून त्यांची श्रद्धा एका दिवसात पूर्ण झाली नव्हती हे स्पष्ट होते.

शारदा सदन व लोकापवाद

अमेरिकेतील हितचिंतकांच्या साहाय्याने रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी गोदूबाई (आनंदीबाई) या सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. सदनात धर्मप्रसार केला जाणार नाही असे आश्वासन होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थना बंद दाराआड करण्याचा मार्ग रमाबाईंना पटला नाही. मुली कमी झाल्या तरी त्यांनी सदन बंद केले नाही. या वादात दोन्ही बाजूंची भीती खरी होती. सुधारकांना स्त्रीशिक्षणाचे काम बदनाम होईल अशी धास्ती होती, तर रमाबाईंना श्रद्धा लपवणे हा असत्याचार वाटत होता. धर्मांतरावरून रमाबाईंवर टीका झाली, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांचा पक्ष घेतला होता.

मुक्ती मिशन

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पोरवयात स्वतः सोसलेल्या भुकेची आठवण त्यामागे होती, असे त्यांनी लिहिले आहे. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या स्त्रियांना केडगाव येथील संस्थेच्या शेतावर नेण्यात आले व तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि निवासिनींची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. केवळ दानधर्मावर न विसंबता शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे स्त्रियांना शिकवली जात. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची व्यवस्था मनोरमाबाईंनी केली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते.

बायबलचे भाषांतर व अखेर

प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना कळत नाही, असे पाहून रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर हाती घेतले. छपाईचे काम संस्थेतील स्त्रियांनीच केले. या काळात रमाबाईंची श्रवणशक्ती क्षीण झाली होती. आपल्यामागे संस्था सांभाळील अशी जिच्याकडून अपेक्षा होती, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. या आघातानंतरही भाषांतराचे काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

धर्मांतरामुळे महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासात रमाबाईंना दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या कार्याची नव्याने दखल घेतली. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगाव येथे आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्यरत आहे.