जुन्या जागी नवी वास्तू : पावसाच्या पाण्याची वाट

नेसरी आणि भोवतालच्या गावांत जुनी कौलारू घरे, शाळागृहे, समाजमंदिरे पाडून त्याच जागी सिमेंटच्या इमारती उभ्या राहत आहेत. आपल्या शाळेशी जोडलेली अनेक कुटुंबेही या मार्गाने जात आहेत. नव्या वास्तूचा आनंद आहेच. परंतु जुनी वास्तू पाडताना पावसाच्या पाण्याची जुनी वाटही मोडते, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

कौलारू छपराचे पाणी पागोळ्यांनी घराच्या लांबीभर पडे आणि मातीच्या अंगणात बरेचसे मुरे. स्लॅबचे पाणी दोन-चार पाइपांतून ठराविक जागी कोसळते. खाली फरशी असल्याने ते मुरत नाही. हिशेब सोपा आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५०० चौरस मीटर छतावर तासात ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर २०,००० लिटर पाणी तासाभरात दारात येते.

एकेका भूखंडाची ही भर साचत गेली म्हणजे काय होते, हे मुंबईने दाखविले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणत्याच गटारांना पेलला नसता, हे खरे. परंतु तेथील जुन्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या आणि दरम्यान उघडी जमीन झाकली जात राहिली. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी, अशी शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात आधीच झालेली होती.

जुन्या जागेवर बांधताना पहिले काम पाहणीचे. पाडकामापूर्वी एका पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे थबकते, कोठून बाहेर पडते, हे पाहून नकाशावर खुणा कराव्यात. जुनी मोरी, बुजलेले गटार, विहीर, शौचालयाचा खड्डा यांच्या जागा वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवाव्यात. विहीर राडारोड्याने बुजवू नये.

त्यानंतर क्रम असा : मुरवणे, साठवणे आणि उरलेले सावकाश सोडणे. शोषखड्डा पायापासून पुरेसा दूर, मूळच्या घट्ट जमिनीत घ्यावा. नव्या भरावात पाणी मुरविले तर भराव खचतो आणि भिंतींना तडे जातात. जुन्या शौचालयाच्या खड्ड्याजवळ मुरविले तर घाण भूजलात उतरते. आपल्याकडे संततधारेने जमीन तुडुंब होते, म्हणून भर आषाढात चाचणीचा खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात उतरते, हे तपासावे. पाणी उतरत नसेल तर टाकी बांधावी आणि तिचे तोंड लहान ठेवावे, म्हणजे लोंढा एकदम बाहेर पडणार नाही. छताचे पाणी सांडपाण्यात मिसळू देऊ नये. गाळ अडविणारी कुंडी ठेवून ती मृग नक्षत्रापूर्वी साफ करावी.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकपणे खाली वाहत असेल, तर खालच्या मालकाने ते वाहू द्यावे लागते. यातील ‘नैसर्गिकपणे’ हा शब्द मोलाचा आहे. पाइप लावून, भराव टाकून शेजाऱ्याच्या दारात सोडलेला लोंढा नैसर्गिक नव्हे.

आपल्या समाजाला हे अधिक उमगावे. अनेक गावांत आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर, उताराच्या टोकाला वसविल्या गेल्या. वरच्या आळीचे पाणी, गाळ आणि घाण आपल्याच उंबऱ्याशी येई. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरील समान हक्क प्रस्थापित केला. तो हक्क सांगणाऱ्यांनी आपले नको असलेले पाणी खालच्या घरात लोटू नये, हे त्याच विचाराचे दुसरे अंग आहे.

कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंच्या निवासाला लागून खडकात चर आणि पाण्याची टाकी कोरलेली आजही दिसतात. शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून त्यांच्या दानाच्या नोंदी आहेत. डोंगरावरून धावणारे पाणी अडवून वर्षभराची सोय करणे हे तेव्हा पुण्यकर्म मानले गेले. आपल्यापैकी जे बांधकामाचा विचार करीत आहेत, त्यांनी इमारतीच्या नकाशासोबत पाण्याचाही नकाशा काढावा आणि पहिली कुदळ पडण्यापूर्वी तो खालच्या शेजाऱ्याला दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.