रेकॉर्डिंगचा बॉक्स घेण्याआधी

माझ्या मामांचं कीर्तन एकदा सह्याद्री वाहिनीवर लागलं. घरी दरमहा पैसे भरायची डिश होती, रेकॉर्डिंगची सोय असलेला महागडा बॉक्स होता. नमनापासून आरतीपर्यंत सगळं कीर्तन मी टिपून ठेवलं आणि पुढची तीन वर्षं घरी येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवलं. मग एका पावसाळ्यात विजेचा दाब अचानक वाढला आणि बॉक्स जळाला. कंपनीचा माणूस नवा लावून गेला. जुन्या बॉक्समधली हार्ड डिस्क शाबूत होती, पण नव्या बॉक्सने ती ओळखली नाही आणि लॅपटॉपवरही तिच्यातलं काही उघडलं नाही. मामा त्याच्या आदल्या थंडीतच गेले होते.

तेव्हापासून कोणी विचारलं, ‘रेकॉर्डिंगसाठी कुठला बॉक्स घेऊ?’ तर मी आधी एकच उलटा प्रश्न करतो: रेकॉर्ड केलेलं दुसरीकडे चालवता येणार आहे का?

कारण सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, की एकदा रेकॉर्ड केलं म्हणजे ते आपलं झालं. पैसे भरून घेतलेल्या डीटीएच सेवेत सिग्नल कुलूपबंद येतो. भारतात टाटा स्कायने 2008 मध्ये हार्ड डिस्कचा बॉक्स आणला, मग इतरांनीही आणले. अशा बॉक्समधलं रेकॉर्डिंग डिस्कवरही कुलपातच राहतं आणि त्याची किल्ली त्या एका बॉक्सपाशी असते. बॉक्स गेला की किल्ली गेली. डिस्क कितीही चांगली असो, तिच्यावरचे आकडे कोणाला वाचता येत नाहीत.

आणि इथेच मनाला लागतं. तेच कीर्तन, त्याच मिनिटाला, डीडी फ्री डिशवर उघडं येत होतं. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, 2014 मध्ये तिचं नाव बदललं. दरमहा शुल्क नाही. हल्ली ती 93.5 अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते. कुलूप नसलेली वाहिनी साध्या बॉक्सवर पेनड्राइव्हमध्ये रेकॉर्ड केली, तर बहुतेक वेळा साधी टीएस फाइल तयार होते आणि ती कुठल्याही लॅपटॉपवर चालते. पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. काही बॉक्स उघड्या वाहिनीचं रेकॉर्डिंगसुद्धा स्वतःच्या पद्धतीने बांधून ठेवतात. टीव्हीच्याच यूएसबीवर रेकॉर्डिंग होत असेल, तर ते सहसा त्या टीव्हीपुरतंच असतं. टीव्ही बदलला की संपलं.

आता जोडबॉक्सकडे वळू. छत्रीचा (म्हणजे डिशचा) आणि अँटेनाचा असे दोन्ही सिग्नल घेणारा ‘कॉम्बो’ बॉक्स बाजारात मिळतो आणि दुकानदार सांगतो, ‘दोन ट्यूनर आहेत, एकावर बघा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा.’ हे दर वेळी खरं नसतं. अनेक स्वस्त कॉम्बोंमध्ये सिग्नल आत यायच्या वाटा दोन असतात, पण पुढे तो उलगडणारी व्यवस्था एका वेळी एकीचंच ऐकते. छत्रीवरचा कार्यक्रम रेकॉर्ड होत असताना अँटेनावरचं चॅनेल लावायला गेलात, तर बॉक्स विचारतो: रेकॉर्डिंग थांबवू का? म्हणून खोक्यावरचं वाचू नका, दुकानात हेच करून बघा.

याची दुसरी बाजू फारशी कोणाला माहीत नसते. एकच ट्यूनर असला तरी एक चॅनेल रेकॉर्ड करताना दुसरं बघता येऊ शकतं, मात्र दोन्ही एकाच ट्रान्सपाँडरवर हवीत. उपग्रहावरची एक फ्रिक्वेन्सी म्हणजे एक चॅनेल नव्हे; तिच्यावर दहा-वीस चॅनेलं एकत्र बांधून येतात. ट्यूनर ती सगळी मोळी उचलतो, आपण तिच्यातली एक काडी बघतो. चांगल्या बॉक्सला त्याच मोळीतली दुसरी काडी पेनड्राइव्हवर टाकता येते. दोन वेगळ्या मोळ्या हव्या असतील, तर खरे दोन ट्यूनर लागतात. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबीही दोन तोंडांचा लागतो आणि गच्चीवरून खाली दोन केबली आणाव्या लागतात. कारण एका साध्या केबलीतून एका वेळी सिग्नलचं एकच ध्रुवीकरण आणि एकच पट्टा खाली येतो. बॉक्स 13 किंवा 18 व्होल्ट देऊन आणि 22 किलोहर्ट्झचा सूर पाठवून कुठला हवा ते ठरवतो. दोन ट्यूनरचा बॉक्स घेऊन एकच केबल जोडलेली घरं मी पाहिली आहेत. दुसरा ट्यूनर तिथे शोभेला असतो.

अँटेनाच्या बाबतीत तर जुन्या आठवणीच दिशाभूल करतात. पुण्यात सिंहगडाच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीवर उभ्या केलेल्या अँटेना ज्यांनी फिरवल्या आहेत, त्यांना वाटतं, अँटेना लावली की दूरदर्शन येणारच. ते जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केलं. सीमाभागासारखी मोजकी ठिकाणं सोडली तर मार्च 2022 पर्यंत जवळजवळ सगळे प्रक्षेपक थांबले. त्याच्या जागी आलेलं डिजिटल प्रक्षेपण, म्हणजे डीव्हीबी-टी2, 2016 मध्ये देशातल्या 16 शहरांत सुरू झालं. महाराष्ट्रातली त्यांत मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कॉम्बोचे जास्तीचे पैसे देऊन अँटेनाचा भाग रिकामाच राहणार. मुंबईत मात्र त्याचा उपयोग आहे. भर पावसात छत्रीचा सिग्नल गेला, तरी अँटेनावरचा टिकून राहतो.

पावसाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्री डिश केयू बँडवर येते. त्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते आणि जोराच्या सरीतले थेंब त्या शोषतात, विखुरतात. अँटेनाच्या लहरी कितीतरी लांब असतात, त्यांना पाऊस जाणवतही नाही. बघताना चित्र दोन मिनिटं गेलं तर आपण वाट बघतो; रेकॉर्डिंगमध्ये ती दोन मिनिटं कायमची जातात. यावर बूस्टर लावणं हा उपाय नव्हे, कारण तो सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो. उपाय मोठ्या छत्रीचा आहे. 60 सेंटीमीटरऐवजी 90 सेंटीमीटरची छत्री लावली, तर सिग्नल गोळा करणारं क्षेत्र सव्वादोन पट होतं. मुंबईहून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58 अंशांवर असतो. त्या रेषेत नारळाचं झाड किंवा शेजारची नवी इमारत येत असेल, तर आधी ते बघा. कोकणातल्या माणसाला माझा सल्ला असा, की बॉक्सवर पाचशे रुपये कमी खर्च करा आणि ते छत्रीवर घाला.

‘फुल एचडी रेकॉर्डिंग’ या शब्दांनाही भुलू नका. वाहिनी साध्या दर्जाची येत असेल, तर बॉक्स तिला एचडी करू शकत नाही. उपग्रहाकडून आलेले आकडे तो जसेच्या तसे फाइलमध्ये उतरवतो. यात एक समाधान आहे: रेकॉर्डिंग मूळ प्रक्षेपणाइतकंच चांगलं असतं, जुन्या व्हीएचएस कॅसेटसारखं फिकं होत नाही. जागेचा हिशोबही सोपा आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने येणारी वाहिनी तासाला सुमारे 450 मेगाबाइट जागा घेते. साधी वाहिनी दोन ते चार मेगाबिटांची धरली, तर तासाला एक ते दोन जीबी. दीड तासाच्या नाटकाला पाचशे जीबीची डिस्क लागत नाही, 32 जीबीचा पेनड्राइव्ह पुष्कळ झाला.

तो पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर एक फाइल चार जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. शहाणा बॉक्स तिथे दुसरी फाइल सुरू करतो, बाकीचे रेकॉर्डिंग मध्येच सोडतात. मोठी डिस्क लावायची असेल, तर तिला स्वतःचा वीजपुरवठा असलेला बरा. जुन्या यूएसबीचं तोंड 500 मिलिअँपियरच देतं आणि फिरणारी डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. मग रेकॉर्डिंग सुरू होताच बंद पडतं आणि आपण बॉक्सला बोल लावतो.

टायमर लावला की काळजी मिटली, असंही नाही. वीज जाऊन परत आली की काही बॉक्स आपोआप चालू होतात, काही रिमोटची वाट बघत पडून राहतात. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, तर ती फाइल अर्धवट राहते, कधीकधी पूर्ण पेनड्राइव्हच बिघडतो. भारनियमनाच्या गावात बॉक्स इन्व्हर्टरवर घ्यावा. तो फारशी वीज खात नाही.

‘घरी रेकॉर्ड करणं बेकायदा आहे ना?’ असं भीत भीत विचारणारे शिक्षक मला भेटले आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसंच प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा देतं. यूट्यूबवर चढवणं किंवा प्रती विकणं या मुभेत बसत नाही. शिक्षकांना मी आणखी एक सांगतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या स्वयंप्रभा वाहिन्याही जीसॅट-15 वरूनच येतात. त्यांची मूळ आखणी रोज किमान चार तास नवा आशय आणि तो दिवसात आणखी पाच वेळा पुन्हा, अशी आहे. म्हणजे एखादं व्याख्यान विजेमुळे किंवा पावसामुळे हुकलं, तरी त्याच दिवशी ते पुन्हा पकडता येतं. ज्या गावात इंटरनेट अडखळतं, तिथे या एका गोष्टीसाठी रेकॉर्डिंगचा बॉक्स घेणं मला योग्य वाटतं.

तर दुकानात जाताना खिशात स्वतःचा पेनड्राइव्ह आणि पिशवीत लॅपटॉप असू द्या. दुकानदाराला सह्याद्री लावायला सांगा, दोन मिनिटं रेकॉर्ड करा, पेनड्राइव्ह काढा आणि तिथेच काउंटरवर लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये फाइल उघडा. चित्र आणि आवाज दोन्ही आले, तरच पैसे द्या.