गाडीतील कुबट वारा

धुवांधार पाहावयास गेलेल्या माणसाने कोरडे परतण्याची आशा धरू नये. नर्मदा तेथे कड्यावरून अशा वेगाने कोसळते की पाण्याचे तुषार धुरासारखे वर चढतात आणि कठड्याशी उभ्या असलेल्या लहानथोरांस सारखेच भिजवितात. आम्ही पाहुण्यांस घेऊन भेडाघाटला गेलो, तेव्हाही तेच झाले. भिजलेली मुले, ओले पंचे, चिखलाच्या चपला असा सारा संसार भाड्याच्या गाडीत भरला, काचा वर केल्या आणि चालकाने एअर कंडिशनर सुरू केला. पहिल्या झोताबरोबर जो दर्प आला, तो पेटीत विसरलेल्या ओल्या धोतराचा असावा असा होता. मावशींनी पदर नाकाला लावला. धाकटीला मळमळू लागले. चालकाने तत्परतेने गुलाबाच्या अत्तराची कुपी झोतापुढे अडकविली. परिणामी आम्हांस कुबट वासाऐवजी कुबट गुलाबाचा वास मिळाला, आणि जबलपूरपर्यंतचा रस्ता काचा उघड्या टाकूनच कापावा लागला.

दर्पावर सुगंध शिंपडणे हा आपला जुना राष्ट्रीय उपाय आहे. परंतु हा दर्प येतो कोठून, हे पाहिले तर तो उपाय किती फोल आहे हे सहज ध्यानात येईल.

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, हे आपण रोज पाहतो. तो घाम तांब्यातून झिरपत नाही. हवेतील बाष्प थंड धातूला लागून त्याचे पाणी होते. गाडीच्या डॅशबोर्डामागे असाच एक थंड धातूचा जाळीदार भाग असतो. मिस्त्री लोक त्यास कूलिंग कॉइल म्हणतात. पंख्याने खेचलेली हवा त्याच्या पात्यांमधून जाते, थंड होते आणि आपली ओल तेथेच सोडून पुढे येते. विलिस कॅरियर याने 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी या यंत्राची योजना केली, ती मुळात हवेतील दमटपणा आवरण्यासाठीच. दमट हवेत कागद फुगे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. तेव्हा ओल काढणे हा या यंत्राचा जन्मधर्मच होय. प्रश्न एवढाच उरतो, की काढलेली ओल जाते कोठे?

ती एका बारीक नळीवाटे गाडीखाली ठिबकावयाची असते. परंतु नळीच्या तोंडाशी धूळ आणि कुजलेली पाने साचली, म्हणजे पाणी आतच तुंबते. शिवाय प्रवास संपताच आपण इंजिन बंद करतो. कॉइल ओलीच राहते आणि अंधारात, धुळीच्या खाद्यावर, तिच्यावर बुरशी व सूक्ष्म जंतू सुखाने वाढू लागतात. दर्प त्यांचाच. त्यांची वसाहत फार मोठी असावी लागते असेही नाही. पहिल्या पावसाच्या मृद्गंधातील जिओस्मिन हे द्रव्य मातीतले सूक्ष्म जीव निर्माण करतात आणि ते अत्यल्प असूनही आपल्या नाकास कळते. ओलीच्या वासाविषयी मनुष्याचे नाक असे विलक्षण जागरूक आहे.

उपाय कारणातूनच निघतो. मुक्काम चार-पाच मिनिटांवर आला, की शीतयंत्राची कळ बंद करावी, पंखा मात्र मोठा ठेवावा आणि बाहेरची हवा आत घ्यावी. कॉइल बरीचशी वाळते. खर्च काहीच नाही, म्हणून कदाचित कोणी करीत नाही! हवा गाळणारा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. तो काढून पाहावा. काळवंडला असेल तर नवा बसवावा, कागदी असेल तर धुऊ नये. पुढील काचेच्या पायथ्याशी जी जाळी असते, तिच्यातील पाने वेचावीत. वृक्षाखाली गाडी उभी करणारांनी हे विशेष करावे. एवढ्यानेही भागले नाही, तर कॉइलसाठीच बनविलेला फेस मिस्त्रीकडून आत सोडवून घ्यावा. फिनेल किंवा अत्तर झोताच्या तोंडातून ओतण्याचा प्रयोग मात्र करू नये. ते कॉइलपर्यंत नीट पोचत नाही आणि विजेच्या भागांवर मात्र सांडू शकते. उंदीर मरून पडला असेल, तर कोणताही फेस कामाचा नाही; तो शोधून काढणे एवढाच मार्ग.

सर्व वास मात्र कुबट नसतात. झोतातून गोडसर वास येऊन काचेवर चिकट धुके धरू लागले, तर इंजिन थंड ठेवणारे द्रव गळत असण्याचा संभव आहे. जळक्या वासात वायर तापलेली असू शकते. गाडी थांबवून सर्वांस खाली उतरवावे. पेट्रोलचा वास आला तरी तसेच. आणि धुराड्याचा धूर आत येत असेल, तर अत्तराची कुपी ही केवळ हास्यास्पद नव्हे, घातक वस्तू ठरते. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा रंग नाही, गंध नाही. धुराचा वास हा त्याचा एकमेव दूत, आणि तोही दर वेळी येतोच असे नाही. डोके दुखते, गुंगी येते, आणि झोपलेला मनुष्य उठतच नाही.

हे सांगण्याचे कारण आम्ही परत निघताना वाहनतळावर पाहिले होते. प्रवासी धबधब्याकडे गेलेले, आणि उन्हाने त्रासलेला एक चालक काचा बंद करून, इंजिन आणि शीतयंत्र चालू ठेवून, आसन मागे टाकून निजला होता. आमच्या चालकाने काच ठोठावून त्यास उठविले. तो जरा रागावला, मग झाडाच्या सावलीत जाऊन आडवा झाला.

आमच्या गाडीचे निदान दुसऱ्या दिवशी जबलपुरातील एका मिस्त्रीने केले. त्याने प्रथम बॉनेट उघडले नाही. शीतयंत्र पाव तास चालू ठेवावयास सांगून तो खाली वाकला. वैशाखातील कोरड्या हवेत तेथे फारसे पाणी दिसले नसते. त्या दमट दिवसांत ते टपटपत असावयास हवे होते. जमीन कोरडी होती. त्याने खालून नळीत एक बारीक, बोथट तार हलकेच घातली. काळी पाने आली, मागोमाग जवळजवळ तांब्याभर गढूळ पाणी आले.